ओवाळलेली पुडी

बंद भातगिरणीच्या मागच्या बोळाला नाव नव्हतं, वास होता. शहापुरात नवीन माणसाला पत्ता सांगताना चाळीतले लोक सांगायचे, "गिरणीवरून डावीकडं वळा. नाकाला रुमाल लावावासा वाटला की समजा, आलात." गिरणी बंद पडून बारा-तेरा वर्षं झाली होती. मालकाची पोरं कोर्टात भांडत बसली आणि इकडं गिरणीच्या पाठीमागं सगळ्या आळीचा उकिरडा साचला. मधोमध गटार. कडेला कोंबडीवाल्यानं ओतलेली पिसं आणि आतडी, पाण्यानं फुगून उशीएवढे झालेले डायपर, दारूच्या बाटल्या, आणि या सगळ्यावर बसलेल्या, माणूस जवळून गेला तरी न उठणाऱ्या माश्या.

समीक्षा लग्न होऊन मुरबाडकडच्या गावातून या चाळीत आली, तेव्हा पहिले दोन महिने तिला जेवण जात नव्हतं. भाताचा घास उचलला की त्याच्या आधी बोळ तोंडात शिरायचा. नवरा हरेश हसायचा. म्हणायचा, "होईल सवय." सवय झाली नाही. आणि वाट तर तीच. नळ तिकडं, रिक्षा तिकडं, पुढं रोशनी झाल्यावर अंगणवाडीही तिकडंच.

पण डायपर आणि आतडी परवडली, असं तिला वाटायचं ते बाप्यांपायी. गिरणीच्या भिंतीला तोंड करून रांगेनं उभे राहायचे. बाई चाललेय, पोर चाललंय, कशाचं काही नाही. बाईनं मान खाली घालावी, तर खाली त्यांचाच ओघळ पायाशी आलेला. चप्पल उचलून, साडी वर धरून, श्वास कोंडून ती वीस पावलं जायची, आणि घरी येऊन आधी तळपाय घासायची.

त्या सगळ्या भिंतीत एकच तुकडा असा होता, जिथं कोणी उभं राहत नसे. बारा फुटांचा. जनामावशीचा.

जनामावशीचं दार बोळाच्या तोंडाशीच होतं. गिरणी चालू होती तेव्हा ती तिथं कोंडा भरायला होती. नवरा गेला तेव्हा बायांनी तिच्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. फोडल्या असं कोणी तोंडानं म्हणत नाही. तुकडे पुरचुंडीत बांधून तिच्या हातात दिले, म्हणाल्या, नदीत सोड. जनामावशी नदीवर गेलीच नाही. बोळात गेली. जिथं बापये सगळ्यात जास्त उभे राहायचे, बरोब्बर तिथं कमरेएवढ्या उंचीवर तिनं ओलं सिमेंट थापलं आणि एकेक तुकडा त्यात दाबला. "आता मुता म्हनावं माज्या कुंकवावर," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी पहिला आलेला गडी पँटीला हात घालून थबकला, आणि चार पावलं पुढं सरकला. जनामावशीनं उंबऱ्यावर बसून ते पाहिलं, आणि तिला कळलं की चार पावलांचा प्रश्न आहे.

मग चाळीतल्या बाया आणून देऊ लागल्या. लावणीत चिखलात गेलेल्या, भांडणात गेलेल्या, लेकीच्या लग्नातल्या चुड्यातल्या. कोणाची कशी गेली ते विचारायचं नाही, पण जनामावशीला सगळं ठाऊक. भिंतीवर भाताची लोंबी उगवली, मग दोन बगळे, मग एक मोर. तो मोर कोंबडीसारखा दिसायचा, आणि कुणाली त्याला दर वेळी "मावशे, तुजी गावठी अंड्यावर बसलेय काय गो?" असं विचारायची. कुणाली म्हणजे समीक्षाच्या भिंतीपलीकडची. तोंडाची फटकळ, पण हळदीला पहिली धावणारी.

आणि एक गोष्ट जनामावशी कधीच चुकवायची नाही. तुकडा आला की थेट भिंतीत जायचा नाही. तिच्याकडं डालड्याचा एक जुना डबा होता. त्यात नदीची वाळू आणि भाताचं तूस अर्धं भरलेलं. तुकडे त्यात टाकायचे, झाकण लावायचं, आणि तांदूळ निवडताना, मासळी कापताना, चहा पिताना तो डबा आडवा टाकून पायानं पुढंमागं फिरवायचा. खर्र, खर्र. आठ-आठ दिवस. मग एकेक तुकडा काढून ती स्वतःच्या ओठावरून फिरवून बघायची. ओठाला चिंचोक्यासारखा लागला तरच भिंतीत. जरा टोचला की परत डब्यात. "भिंतीला पोरं हात लावनार," म्हणायची.

समीक्षाचेही दोन तुकडे तिथं होते. रोशनीच्या वेळी आयत्या वेळेला ऑपरेशन ठरलं, हात सुजलेले, बांगड्या निघेनात. नर्सनं त्या कापडात धरून वाढवल्या. सोबत जनामावशीच होती. तिनं ते हिरवे तुकडे उचलून कनवटीला लावले. महिन्याभरानं भिंतीत दिसले, ते जमिनीपासून जेमतेम तीन वीत वर. "ही रोशनीची," म्हणाली. "पोर उभी ऱ्हायली का हाताला लागली पायजे."

आणि खरंच रोशनी पहिल्यांदा धरून उभी राहिली ती त्या भिंतीला. तीन वर्षांची होईतो तिचा नेमच झाला. अंगणवाडीत जाता-येता त्या हिरव्या तुकड्यांना हाताचा पंजा लावायचा, "माजी" म्हणायचं, आणि मगच पुढं जायचं. समीक्षा तिच्यामागं उभी राहायची. पोरीच्या मानेवरच्या बारीक घामेजल्या केसांकडं बघताना तिला एक क्षण वास येत नसे. पण लगेच नजर वर जायची. आपल्या बाळंतपणाच्या तुकड्यांच्या जरा वरच जनामावशीचे ते काळपट तुकडे. मेलेल्या नवऱ्याचे. पोटात कसंसंच व्हायचं. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

होळीनंतरची गोष्ट. दुपारी अंगणवाडीतून येताना रोशनी हात सोडवून पळाली, भिंतीशी पोचली, आणि गटाराच्या कडेला पाय सरकून तोंडावर पडली. समीक्षानं उचललं तेव्हा पोरीच्या तळहातातून रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं, आणि त्यात गटाराची काळी घाण मिसळलेली. ती घाण आपल्या पदरानं पुसताना समीक्षाला उलटी झाली. तिथंच. मग पोरीला छातीशी धरून ती दवाखान्यात धावली.

दोन टाके पडले. कंपाउंडरनं चिमट्यानं काच ओढून काढली, कापसात गुंडाळून समीक्षाच्या मुठीत दिली. "घ्या, आठवण ठेवा."

तिनं मूठ उघडली नाही.

"बांगडी नाय चावली, आई," रोशनी हुंदके देत म्हणाली. "खाली चावलं."

"गप गो, माजी सोनी. गप."

घरी आल्यावर तिनं दार लावलं. मेलेल्या माणसाच्या नावानं वाढवलेली बांगडी, आणि ती आपल्या लेकराच्या रक्तात शिरली, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. तिनं मीठ घेतलं, मोहरी घेतली, लाल मिरच्या घेतल्या, तो कापूस न उघडताच त्यात ठेवला, आणि झोपेला आलेल्या रोशनीवरून सात वेळा ओवाळून सगळं फडक्यात बांधलं. ओवाळलेलं उघडून बघत नाहीत. वाहत्या पाण्यात टाकतात, आणि मागं न बघता घरी येतात. पण भारंगी नदीपर्यंत जाणार कधी? पोर तापलेली, हरेश पहाटे जातो तो रात्री येतो. तिनं ती पुडी वीजमीटरच्या डब्यामागच्या फटीत खोचून ठेवली.

मग मोबाइल घेतला. पोरीच्या पट्टीतल्या हाताचा फोटो काढला, आणि आळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बांगड्यांच्या भिंतीची काच माझ्या मुलीच्या हातात गेली. अजून कोणाच्या लेकराला व्हायची वाट बघायची का?"

तासाभरात ग्रुप पेटला. ज्यांनी आयुष्यात त्या बोळात पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी हात जोडले, लाल तोंडं पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांतशेठ आला. 'सुरक्षित परिसर समिती'चा अध्यक्ष, जमिनीच्या प्लॉटांचा धंदा, हातात तीन अंगठ्या. बोळाच्या तोंडाशीच थांबला, नाकाला रुमाल लावला, आणि लांबूनच भिंतीकडं बघितलं.

"वहिनी, तुमी टेन्शनच घेऊ नका. रविवारी दहाला जेसीबी. ती भिंत पाडून टाकू. वरच्या विटापन सुटल्यात, कोनाच्या डोक्यात पडायच्या. पत्रा ठोकू, बोर्ड लावू. एकदम चकाचक."

वरच्या विटा सुटल्या होत्या हे खरं होतं. जनामावशीनंच दोनदा सांगितलं होतं, तेवढ्या काढून न्या म्हणून.

"आणि गटार?" समीक्षानं विचारलं. "ती आतडी, बाटल्या?"

"ते दुसऱ्या टप्प्यात."

समीक्षाला त्या दिवशी हलकं वाटलं. कोणीतरी ऐकलं. कोणीतरी घाण काढणार.

शनिवारी दुपारी जनामावशी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, बाहेरच उकिडवी बसली. हातात काही नव्हतं, तरी एक पाय उगाच पुढंमागं हलत होता.

"पोर कशी हाय?"

"बरी आहे. झोपलेय."

"मला तो तुकडा दाव, समीक्षा."

"कशाला?"

"कोनाची हाय ते बघते. मला सगळ्या ठावक्या हायत. येक जरी माज्या हातून टोचरी गेली आसंल तर मीच पयला हातोडा घालते भिंतीवर. जेसीबी कशाला पायजे?" तिचा आवाज चिरकला. "पन मी वठावर फिरवल्याबिगर येक लावला नाय गो. येक नाय."

पुडी मीटरमागं होती, हाताच्या अंतरावर. पण ती काढायची, सोडायची, त्यातली ती काळपट विधवा काच बघायची, आणि घरात पोर झोपलेली.

"नदीत टाकला," ती म्हणाली.

जनामावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं केलंस," म्हणाली आणि गेली. बराच वेळ नेहमीची खर्र-खर्र ऐकू आली नाही.

रोशनी उठली ती किरकिर करत. समीक्षानं तिला मांडीवर घेतलं. पट्टीतली बोटं हळूच कुरवाळली.

"कुठं चावलं माज्या बाळाला?"

"खाली."

"खाली म्हंजे?"

रोशनीनं चांगला हात जमिनीकडं नेला. लादीवर टेकवला. "इथं. काळ्या पाण्यात. माजी बांगडी वर हाय, आई. ती नाय चावत."

समीक्षा उठली. मीटरमागं हात घातला. पुडी काढली आणि गाठ सोडली. पहिल्यांदाच कोणी ओवाळलेलं उघडत होतं, निदान तिच्या माहेरी आणि सासरी तरी. मिरचीचा खकाणा नाकात गेला. मीठ ओलं होऊन गोळा झालेलं. कापूस वाळून कडक झाला होता, तो तिनं नखानं सोलला.

तपकिरी काच. जाड. सुपारीच्या खांडाएवढी. एका अंगाला उमटवलेल्या इंग्रजी अक्षराचं अर्धं वळण. बांगडी इतकी जाड कधीच नसते, आणि तपकिरी बांगडी या आळीत कोणी घालत नाही. बिअरच्या बाटलीचा बुडखा होता तो.

ती खालीच बसली. तिला आता जी किळस आली ती बोळाची नव्हती.

तिनं ग्रुपवर लिहायला मोबाइल उघडला, तर तिथं आता फक्त समितीच लिहू शकत होती. प्रशांतशेठनं तसं करून ठेवलं होतं, "अफवा नकोत" म्हणून. वर रविवारचं आमंत्रण, आणि त्यात रोशनीच्या हाताचा फोटो. हरेशला फोन लावला. तो म्हणाला, "आता काय सांगणार? तूच टाकलंस ना ग्रुपवर? लोक हसतील." समीक्षानं फोन ठेवला.

रविवारी ती दहाच्या आधीच पोचली. कडेवर रोशनी, कमरेला खोचलेली पुडी. बोळाच्या तोंडाशी मंडप होता, खुर्च्या होत्या, लाउडस्पीकर होता. गटारावर चुन्याची भुकटी मारली होती, म्हणजे घाण तशीच, फक्त वर पांढरी. उदबत्त्या लावल्या होत्या. उदबत्ती, कोंबडीची आतडी आणि चुना, असा तिहेरी वास समीक्षाच्या डोक्यात गेला. जनामावशी आपल्या उंबऱ्यावर बसलेली, डबा मांडीवर.

"या वहिनी, या!" प्रशांतशेठनं रोशनीचा पट्टीतला हात धरून कॅमेऱ्यापुढं वर केला. पोर कळवळली. समीक्षानं हात सोडवून घेतला.

"दादा, थांबा. ती काच बांगडीची नव्हती."

"काय?"

"बाटलीची होती. गटारातल्या. मी बघितलं नव्हतं आधी. माझी चूक झाली. ही बघा." तिनं कमरेची पुडी काढली.

लाल मिरच्यांची देठं फडक्यातून बाहेर आलेली. मोहरी गळाली. प्रशांतशेठ सापावर पाय पडावा तसा मागं सरला.

"ओवाळलेलं हाय काय ते?"

"हो, पण आत—"

"आवो, मग हितं काय आनता! शुभ कार्य चाललंय. लांब, लांब धरा!"

"फक्त एकदा आत बघा. तपकिरी आहे."

ती पुढं झाली तशी माणसं मागं झाली. खुर्च्या सरकल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा पोटाशी धरला. जेसीबीवाला वरून ओरडला, "ताई, गाडीच्या पुढं नका येऊ ते घेऊन! मला रातच्याला घरी जायाचं हाय." कुणालीनंसुद्धा आपल्या पोराचे डोळे पदरानं झाकले. रोज उघड्यावर मुतणारे बापये, आतड्यांच्या ढिगावर चपलेनं चालणारे, कशाकशाची शिसारी न येणारे, आणि त्यांतल्या एकालाही मूठभर मीठमिरचीच्या आत बघायची हिंमत होईना. समीक्षा त्यांच्याकडं बघत होती. कालपर्यंत मीही यांच्यातलीच होते, असं तिला वाटलं.

प्रशांतशेठनं माईक हातात घेतला. "आई हाय शेवटी. पोरीच्या काळजीनं भावुक झाल्यात वहिनी. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी."

टाळ्या वाजल्या.

गर्दीतून जनामावशी आली. तिनं समीक्षाच्या हातातली पुडी घेतली, मिरच्या बाजूला सारल्या, आणि ती तपकिरी काच दोन बोटांत धरून उजेडात बघितली. ओठाजवळ नेली नाही. गरज नव्हती.

"बाटली," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, पण तेवढ्यात जेसीबी सुरू झाला.

पहिल्याच दणक्यात लोंबी गेली. मग बगळे. मोराचं धड क्षणभर तसंच राहिलं, नुसतं डोकं गेलेलं, आणि कुणाली "आई गं" म्हणाली. आज तिनं त्याला कोंबडी म्हटलं नाही. रोशनी आईच्या गळ्याला मिठी मारून ओरडत होती, "माजी, माजी." समीक्षानं तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. धूळ बसली तेव्हा निम्मा मलबा गटारात होता. निळा पत्रा ठोकला गेला, त्यावर 'सुरक्षित परिसर'चा बोर्ड, आणि बोर्डवर प्रशांतशेठचं हसरं तोंड. पेढे वाटले. मंडप उठला.

चार वाजेतो पत्र्यावर पहिला ओघळ आला. त्यावर आता कोणाचंच काही लावलेलं नव्हतं. माणूस थबकलाही नाही.

समीक्षा नळावरून येत होती. तिनं घागर खाली ठेवली. बोर्डाखालून ओघळ सरळ मलब्यात मुरत होता, आणि मलब्यात काहीतरी चमकत होतं. ती वाकली. बांगड्यांचे तुकडे होते, पण जेसीबीच्या दातांनी त्यांचे आणखी तुकडे केले होते. तिनं एक उचलला, आणि बोटाला लगेच रक्त आलं. आठ-आठ दिवस पायाखाली फिरवून ज्यांची धार मारली होती, त्यांना आज नव्यानं धार आली होती. उद्या सकाळी याच वाटेनं वीस पोरं अंगणवाडीत जाणार होती.

ती घरी गेली. रोशनीला कुणालीकडं ठेवलं. "आता कुठं?" कुणालीनं विचारलं.

"निवडायला."

"काय निवडायला?"

समीक्षानं सूप दाखवलं, भात पाखडायचं. कुणालीनं तोंड वाकडं केलं, पण पोरीला घेतलं. "हातात पिशवी घाल गो. त्या मुतात हात घालणार काय तू?"

पिशवी घालून तुकडे हाती लागेनात. तिनं पिशवी काढून टाकली. पदर नाकावरून मागं नेऊन गाठ मारली आणि उकिडवी बसली. हात घातला. कोमट होतं. पोटातून जे वर आलं ते तिनं गिळलं, दुसऱ्यांदा आलं तेव्हा बाजूला तोंड करून ओकली, तोंड दंडाला पुसलं आणि परत हात घातला. लाल, निळा, चंदेरी टिकल्यांचा. कोणाच्या लग्नातला, कोणाच्या भांडणातला, तिला काही माहीत नव्हतं. ते सगळं एकट्या जनामावशीला माहीत होतं. काळपट मिळाले तेही तिनं उचलले. ते हातात घेताना आज पोटात काही झालं नाही. हिरवे खूप होते, त्यांतले आपले कुठले ते तिला ओळखू आलं नाही.

एक बापया आला, पत्र्यासमोर उभा राहिला, आणि खाली बसलेली बाई दिसल्यावर चारी बाजूंना बघू लागला.

"हितं माझं काम चाललंय, काका," समीक्षा मान वर न करता म्हणाली.

तो गेला. पुढं गेला की घरी गेला, तिनं बघितलं नाही.

उन्हं गिरणीच्या पत्र्यावरून उतरली तेव्हा सूप अर्धं भरलं होतं. बोटांना सात-आठ ठिकाणी चिरा पडलेल्या. ती जनामावशीच्या उंबऱ्याशी गेली आणि सूप खाली ठेवलं. जनामावशी दिवा लावायच्या तयारीत होती. तिनं सुपाकडं बघितलं नाही, समीक्षाच्या हातांकडं बघितलं.

"मावशी, मी खोटं बोलले. नदीत टाकला नव्हता."

"ते कळलं मला. सगळ्या गावाला दावलास की."

"मला तुमच्या बांगड्यांची..." समीक्षाचा शब्द अडला. "मला कसंसंच व्हायचं त्यांचं. म्हणून मी बघितलंच नाही."

जनामावशीनं काडी ओढली, वात लावली, काडी विझवून बाजूला ठेवली. पलीकडं कुणालीच्या घरात रोशनी हसली, तेवढा आवाज आला.

"आधी हात धू," ती म्हणाली. "साबनानं. आन मग पोरीला घे, न्हायतर तिला लावशील ती घान."

समीक्षा उठली. जनामावशीनं कोनाड्यातला डालड्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि तो तिच्याकडं सरकवला.

"यातली वाळू जुनी झालेय. धार नाय मारत आता. सकाळी नवी घेऊन ये," ती म्हणाली. "नदी ठावकी हाय ना तुला?"